बक्षिसाच्या कार्यक्रमात मी मेली

मी मूळची सटान्याकडची. आमच्याकडं हाय ला शे म्हनतात, इकडं लग्न होऊन आली तव्हा सासू मला मुद्दाम बोलायला लावायची आन जावा हसायच्या, म्हनून मी वर्षभरात ते शे सोडून दिलं, आता बहिनीचा फोन आला तरच तोंडात येतं. नाव चंद्रकला, पन नाशिकच्या फूलबाजारात कोनालाबी विचारा, चंदूमावशी म्हनूनच ओळखतात. सोळाव्या वर्षी मला इकडं मखमलाबादच्या पुढं दिली. माहेरी कांदा, सासरी झेंडू. कांदा साठवनीच्या चाळीत पडून राहतो, चार महिने वाट बघतो, झेंडूला दम नसतो. आज तोडला तर उद्या बाजारात गेला पाहिजे, मंग घरात लग्न असो नायतर मयत.

आन तसंच झालं की. आमचे मालक दसऱ्याच्या आदल्या दिवशी गेले. सकाळी तोडनी चालली व्हती, मी या सरीत, ते त्या सरीत, ते खाली बसले, मला वाटलं तंबाखू मळायला बसले, मंग आडवेच झाले. दुपारपर्यंत सगळं उरकलं. दिलीप, माझा एकुलता, आठवीत व्हता, त्यानंच पानी दिलं. आन दुसऱ्या दिवशी पहाटे मी फुलं घेऊन बाजारात जाऊन बसली. सुतकात. लोकं लय बोलली, ही बाई हाय का दगड हाय, डोळ्याला पान्याचा थेंब नाय हिच्या. बोलू द्या म्हटलं. पन दिलीपनं ते मनात धरलं. शिकला, नोकरीला लागला, इंदिरानगरला फ्लॅट घेतला, सून केली सुनीता, ती पन गुनाची, मला काही कमी नाय केलं त्यानं. फक्त माझ्याशी बोलताना त्याची नजर कधी माझ्या तोंडावर नसायची. भिंतीवर असायची. वीस-बावीस वर्षं भिंतीशी बोलला तो.

तर तीनेक वर्षांमागं सिनेमावाले आले. त्यांना पिवळं वावर पाहिजे व्हतं. आले ते गाड्या घेऊन, छत्र्या घेऊन, माझ्या झेंडूच्या कडंनं हिंडले, वा वा म्हनले, आन मंग म्हनले मावशी, आमच्या मॅडमना तुमच्यासंगं राहू द्या आठ दिवस, त्यांना तुमच्यासारखं व्हायचंय. मी म्हटलं माझ्यासारखं व्हऊन काय करनार, गुडघे दुखतील. हसले सगळे. ती नटी, नाव मी घ्यायची नाय, माझ्या तोंडाला विटाळ नको, ती राहायची हाटेलात, यायची दहा वाजता, उन्हं वर आल्यावर. तिला उकिडवं बसता यायचं नाय. सुईदोरा धरला की बोटाला टोचून घ्यायची आन तिच्यामागं एक पोरगी पट्टी घेऊन उभीच. पन मी शिकवलं बरं का, खोटं कशाला बोलू, जीव लावून शिकवलं. देठ कुठं खुडायचा, हार ओवताना पाठ कशी ठेवायची, डोक्यावर पाटी असल्यावर मान कशी. माझं एक जुनं लुगडं नेलं तिनं, म्हनली याला तुमचा वास हाय मावशी. धुतलेलं व्हतं ते.

एक दिवस जेवनानंतर ती बांधावर बसली आन रडायला लागली. म्हनली, मावशी, माझे वडील गेले मागच्या वर्षी, आन मला रडूच आलं नाय, मी किती वाईट मुलगी हाय. आता मला सांगा, एखादी लेक असं बोलली तर तुम्ही काय कराल? मी तिला जवळ घेतली आन जे कोनाला सांगितलं नव्हतं, सख्ख्या बहिनीला नाय, ते तिला सांगितलं. म्हटलं, पोरी, मला पन नाय आलं रडू. मालक सरीत पडले व्हते, मी पळत गेली, आन मी त्यांना थोबाडीत मारली. एक मारली ती उठवायला. उठले नाय, तव्हा दुसरी मारली. दुसरी रागानं. म्हटलं त्यांना, उद्या दसरा, वावर तोडायचं पडलं, पोरगं एवढंसं, आन तुम्ही निघाले? तव्हापासून हा हात माझा मला नको वाटतो. ती ऐकत व्हती. डोळे असे मोठ्ठे केलेले. मला वाटलं हिचं दुःख हलकं झालं. मला काय ठाऊक, बाई माल भरून घेत व्हती.

सिनेमा झाला, आम्हाला काय दिसला नाय. पहिल्या खेळाला गाडी पाठवते म्हनली व्हती, ती गाडी अजून रस्त्यात असंल. आमच्या इकडं लागलाच नाय तो, मुंबई-पुन्यात दोनचार थेटरात लागला आन गेला. मंग या वर्षी सुनीताचा फोन, आई, तुमच्या मॅडमना बक्षीस मिळालंय, रविवारी सात वाजता टीव्हीवर दाखवनार हाय, तुमचं नाव घेतीलच त्या, तुम्ही इकडंच या. गेली. नवं लुगडं नेसून गेली, आता हसू येतं. सुनीतानं बिल्डिंगमधल्या पाचसात बाया बोलावल्या व्हत्या, भेळ केली व्हती, मला सोफ्यावर मधोमध बसवली, जशी काय माझीच ओटी भरायची.

काय तो कार्यक्रम, काय सांगू तुम्हाला. एकीच्या झग्याचं शेपूट एवढं लांब की उचलायला दोन मानसं. एक बाप्या विनोद करनारा, तो स्वतःच आधी हसायचा, मंग कॅमेरा एकेकाच्या तोंडावर जायचा की ते हसायचे, कॅमेरा सरकला की तोंड पहिल्यासारखं. ज्याला बक्षीस भेटलं त्यानं देनाऱ्याला मिठी मारायची, देनाऱ्याला पुढच्या येळेला यानं द्यायचं. तळमजल्यावरच्या देशपांडेबाई म्हनल्या, अहो हे सगळं आधीच ठरलेलं असतं, जो येणार त्यालाच देतात. सुनीता म्हनली, आमच्या भिशीत पन याच्यापेक्षा खरं असतं, निदान चिठ्ठी तरी उचलतात. सगळ्या हसल्या. दर दहा मिनिटाला साबनाची जाहिरात. दिलीप मागं खुर्चीवर मोबाईल घेऊन बसलेला.

मंग तिचं नाव पुकारलं. आधी पडद्यावर सिनेमातला तुकडा दाखवला. पिवळं वावर, माझंच. माझं लुगडं नेसून ती पळत आली, केस मोकळे, झेंडूत कोनी केस मोकळे सोडून जातं का, आन सरीत पडलेल्या मानसाला तिनं थोबाडीत मारली. माझ्या हातातली भेळ तशीच राहिली. बाया म्हनल्या, बाई गं, काय अभिनय. मी मागं बघितलं नाय. दिलीप मागं हाय एवढंच मला कळत व्हतं.

ती स्टेजवर आली, बक्षिसाची बाहुली छातीशी धरली, आन पहिलं काय म्हनली असंल? म्हनली, हे माझ्या बाबांसाठी, बाबा, उभे राहा ना. आन पहिल्या रांगेतून एक पांढरे केसवाला गडी उठला, कोट घातलेला, लालबुंद, टुनटुनीत. हात हलवला त्यानं! मेलेला बाप हात हलवीत व्हता. मी टीव्हीकडं बघतच राहिली. मंग ती म्हनली, हा सीन खरा आहे, नाशिकजवळच्या चंद्रकला मावशींनी मला सांगितला, त्यांनी आपल्या गेलेल्या नवऱ्याला अशीच थप्पड मारली होती, प्रेमाने. प्रेमानं म्हनली. आन पुढं, गळा भरून, दुर्दैवाने मावशी आज आपल्यात नाहीत.

मागं पडद्यावर माझा फोटो. काळापांढरा केलेला. खाली दिवा. सगळा हॉल उभा राहिला, तो विनोदवाला बाप्या पन डोळे पुसायला लागला, आन मी इंदिरानगरला सोफ्यावर बसलेली, दातात शेव अडकलेली.

मंग देशपांडेबाईंनी चपलेवरून शिवी दिली, त्या तशा नवऱ्याला अहोजाहो करनाऱ्या बाई, पन दिली. सुनीता उठून टीव्ही बंद करायला गेली, मी म्हटलं राहू दे, बघू दे अजून काय काय मेलंय माझं. तेवढ्यात फोन सुरू झाले. बहीन सटान्याहून, रडत, व बहीन, तू जित्ती शे ना व? मी म्हटलं शे व माय, जित्ती शे, भेळ खाऱ्हायनी. तिला हसावं का रडावं कळंना. मनमाडचा भाचा तर फोन न करता निघालाच, बायकोला घेऊन, चार नातेवाइकांना कळवून, आन बेल वाजवली तर दार मीच उघडलं. त्याच्या बायकोनं मला बघून किंकाळी फोडली. तिला पानी मीच पाजलं.

सगळे गेल्यावर दिलीप गॅलरीत उभा व्हता. मी गेली. म्हटलं, विचार काय विचारायचं ते. तो कुंडीतल्या तुळशीकडं बघत व्हता. म्हनला, आई, हे खरं हाय? म्हटलं, हाय. पन तिनं एकच दाखवली, मी दोन मारल्या. दुसरी प्रेमानं नाय, रागानं मारली. लय राग आला व्हता मला तुझ्या बापाचा. त्यानं तुळशीची वाळकी पानं खुडली. मंग म्हनला, मला वाटायचं तुला काहीच झालं नाय. बाजारात तू फुलं मोजीत बसली व्हती, मी खांबाआडून बघत व्हतो, मला वाटलं हिला बाबांचं काहीच नाय. आन मंग माझ्या तोंडाकडं बघून बोलला, आई, मला का नाय सांगितलं? एवढा दाढीवाला बाप्या, आन आवाज लहान पोराचा. मी म्हटलं, तू आठवीत व्हतास रे. मंग दहावीत गेलास, मंग कॉलेजात, मंग राहून गेलं. त्यानं माझा हात धरला. हाच, उजवा.

आता काही लोकं म्हनतात, बघा मावशी, तिच्यामुळं तुमचं पोरगं तुमच्याशी बोललं, उपकारच झाले. मी त्यांना म्हनते, चोरानं पेटी फोडली आन तुमचा हरवलेला दागिना खाली पडला, तर चोराचा सत्कार करायचा का? ते मी माझ्या तोंडानं सांगितलं असतं माझ्या लेकाला. मरताना का व्हईना, सांगितलं असतं. ते तिनं नेलं, आन बाहुली घेतली त्याच्यावर.

चार दिवसांनी फोन आला, एक पोरगी, गोड आवाज. मावशी, मॅडमना चुकीची माहिती मिळाली होती हो, त्या खूप रडल्या. त्या तुम्हाला भेटायला येणार आहेत, तुम्ही फक्त दारात उभ्या राहा, त्या धावत येतील, आम्ही शूट करू, लोकांना फार आवडेल. मी विचारलं, आन त्यांच्या बाबांची तब्येत कशी हाय? ती पोरगी म्हनली, छान आहेत की. म्हटलं, बरं हाय, त्यांना सांग संभाळून राहा, तुमच्या लेकीला पुढच्या सिनेमाला पुन्हा लागाल. आन मॅडमना सांग, मावशी मेली ती मेली, आता उठायची नाय. दिव्याचं तेल वाया जाईल. ठेवला फोन. परत आला तो सुनीतानं घेतला, आन ती काय बोलली ते तुम्ही लिहू नका, सरकारी नोकरी हाय तिची.

आता दिलीप रविवारी सकाळी येतो वावरात. तोडनी त्याला जमत नाय, देठ लांब ठेवतो. बापाचं काहीबाही विचारतो, ते तंबाखू कोनती खायचे, रागवायचे का. मी सांगते, थोडं थोडं, सगळं एकदम नाय. आता जे सांगायचं ते त्यालाच. तुम्ही आले, भल्या मानसासारखे खाली बसले, म्हनून एवढं बोलली. तुमच्या वहीत काय जातंय मला वाचता येत नाय, पन सुनीताकडनं वाचून घेईन, ध्यानात ठेवा. पदरचं घालू नका. प्रेमानं तर अजिबात लिहू नका. आन शेवटी, मोठ्या अक्षरात, लिहा की ही बाई जिती हाय, गुडघे सोडून सगळं ठीक हाय. जा आता, ऊन व्हायच्या आत पोचा. सुखी राहा, तुमचे आईबाप असतील तर त्यांना पन सुखी ठेवा.