बालाजीची रिकामी फाइल

अरे, तुम्हाला बालाजीच्या फायलीची गोष्ट सांगितली का? लातूरच्या आमच्या हापिसात कम्पायलरचं काम, म्हणजे प्रोग्राम मशिनच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर. देगलूरच्या ह्या बालाजीनं त्यात एक रिकामी हेडर फाइल घुसडली अन् बाकीच्या सगळ्या फायलींना जोडून ठेवली. तिच्यात नुसती एक स्पेस टाकली की अख्खा कम्पायलर नव्यानं बिल्ड व्हायचा, म्हणजे पहिल्यापासून बांधला जायचा, अन् तोवर आम्हाला काम नाही. अर्धा तास मोकळा! "चल बे, च्या घेऊ," तो मला म्हणायचा.

मागच्या साली तो जर्मनीला गेला. परवा साहेबांनी मला नको असलेल्या हेडर फायली काढायला बसवलं.

"ही तर कोणालाच लागत नाही," साहेब म्हणाले. "काढून टाक."

"हाव, काढतो की."

काढायच्या आधी तिच्यात एक स्पेस टाकली. बिल्ड सुरू झालं. खाली टपरीवर एकटाच गेलो अन् दोन च्या सांगून बसलो.