पत्र्याचा पांढरा रंग

अरे, आमच्या पत्र्याला रंग लागला तो कसा, ऐका. तंजावूरच्या उन्हात आमच्या वस्तीतले पत्रे नुसते पेटतात. ऊन परतवणारा पांढरा रंग सरकारी निधीतून फुकट मिळतो, म्हणून माझ्या थोरल्या भावानं, अण्णानं, खेटे घालून आमचं नाव लावलं. रंगवाले आले तेव्हा अण्णा जाऊन महिनाही झाला नव्हता.

शेजारच्या कमलाक्का धावत आल्या. "अय्यो! वर्षश्राद्ध झाल्याशिवाय घराला रंग?"

रंगवाला मला म्हणाला, "तंबी, भावा, निधी आजच संपतो. तुम्हाला नको तर रंग पुढच्या घराला."

मी भडकलो. "अक्का, मग तुम्ही येऊन झोपा आमच्या पत्र्याखाली!"

"गप रे," आई म्हणाली. अण्णा गेल्यापासून ती कुणाशी धड बोललीच नव्हती. "कमला, भिंतींना वर्षभर हात लावणार नाही. पण पत्रा रंगवू दे. पोरगा वर गेलाय माझा. वरून त्याला तेवढंच दिसणार."

कमलाक्का डोळे पुसत राहिल्या. मग रंगवाल्यावरच ओरडल्या, "बघत काय उभा राहिलास? चढ वर! आणि एका हातावर भागवू नकोस, चांगले दोन हात मार!"