मागच्या बाईचं देणं

नाही, बसा तुम्ही, उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही हे — ते कपडे सरकवा बाजूला, जपून हं, टाचण्या आहेत. तर त्यानं तुम्हाला सांगितलं, पहिल्या बायकोचे पैसे द्यायचेत, आणि तुम्ही दिलेत. आता ते माझ्यापर्यंत पोचले का, एवढंच विचारायला दवाखान्यातली ड्युटी संपवून तशाच आलात. पोचले. दोनच्या दोन लाख पोचले. झालं समाधान? नाही झालं. दिसतंय तोंडावर. माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची आहेस, अगं-तुगं केलं तर चालेल ना — मला त्या माणसाबद्दल बोलताना अहो-जाहो जमत नाही, जिभेवर शेवाळ आल्यासारखं होतं.

सहज नाही दिले त्यानं. वेगळे झाल्यावर वर्षभर मी नुसते फोन करत होते. आधी म्हणे, पुढच्या महिन्यात. मग म्हणे, किचनच्या ट्रॉल्या बसवून दिल्यात एकाकडे, तो पैसे देईना, मी कुठून देऊ. मग फोनच उचलेना. शेवटी वकीलबाई गाठली. ती म्हणाली, नवरा-बायकोतलं देणंघेणं कोर्टात उसनं म्हणून टिकवणं अवघड, लेखी काही आहे का? होतं. त्याचा स्वतःचा मेसेज होता — ‘तुझे दोन लाख बुडवणार नाही.’ त्या एका ओळीवर नोटीस गेली, तेव्हा कुठे आला साहेब. आणि आला तो काय, वकीलबाईच्या टेबलासमोर रडला. शर्टाच्या बाहीला नाक पुसलं, तीच बाही टेबलावर टेकवली आणि म्हणाला, फ्रिज मी घेतला होता, त्याचे वजा करा. तिच्या ऑपरेशनचं बिल मी भरलं होतं, त्याचे वजा करा. माझ्या ऑपरेशनचं, कळतंय का तुला? मूल गेलं होतं तेव्हाचं. वकीलबाईनं माझ्यापुढे पाणी ठेवलं, तर ते यानंच पिऊन टाकलं.

तुझ्याकडेही नखं कुरतडून खिडकीत ठेवतो का? ठेवतोच ना. हसू नकोस, पुढे हसू यायचं नाही.

मी कशाला दिले होते म्हणतेस? धंद्यासाठी. म्हणजे — आता तू विचारतेस म्हणून — धंद्यासाठी नव्हते ते. लग्न नवं होतं. म्हणाला, आधी एक होती, शाळेत शिकवायची, तिचे पैसे अंगावर आहेत, ते एकदा फेडले की पाटी कोरी, मग फक्त तू आणि मी. मला इतकं कौतुक वाटलं — म्हटलं, बघा, जुन्या बाईचं देणंसुद्धा विसरत नाही, किती सरळ माणूस. वडिलांनी माझ्या नावानं ठेव ठेवली होती, ती मोडली. का गं, अशी काय बघतेस? तुलाही पाटी कोरीच म्हणाला? शब्द तरी बदलायचे होते मेल्यानं.

आणि ती शिक्षिका एकदा जिन्यात भेटलीसुद्धा. मला म्हणाली, पैसे तुमचेच होते ना? मी तोऱ्यात म्हटलं, आमच्यात तुझं-माझं नसतं. ती नुसती उतरून गेली.

हो, माहीत होतं मला. खोटं कशाला बोलू. पैसे जमा झाले तेव्हा बँकेच्या मेसेजमध्ये तुझंच नाव होतं, त्याचं नाही. मघाशी दारात नाव सांगितलंस तेव्हा म्हणून तर बस म्हटलं. तेव्हा काय करायला हवं होतं मी? तुला शोधून सांगायचं? सांगून ऐकलं असतंस? मी ऐकलं असतं का?

काय म्हणालीस? परत?

नीट बोल. म्हणजे ते पैसे तुझे होते, त्यानं तुला फसवून घेतले, म्हणून मी ते परत करावेत. बरं. हे काजं करायचं मशीन दिसतंय? हे घेतलं त्यातून. बाकीचं दुकानाच्या भाड्यात गेलं. आणि गेलं नसतं तरी दिलं नसतं. माझ्या वडिलांचे होते ते, फिरून आले. कुणाच्या हातून आले ते मी बघत बसणार नाही. रडू नकोस इथे, गिऱ्हाइकाच्या कपड्यांवर डाग पडतात.

तुमच्याकडे त्याचा मेसेज आहे ना? तो जपून ठेवा. वकीलबाईचा नंबर देते, नोटीस पाठवा. लगेच नाही मिळायचे. त्याला पुढची भेटली की मिळतील.

आणि ती आलीच कधी तुमच्याकडे विचारायला, तर तुम्ही काय करता ते मला येऊन सांगा.

निघा आता. माप द्यायला माणसं खोळंबलीत बाहेर.