रुमाल टाकून धरलेली जागा

बसलात ना सगळे? नीट बसा. आज कीर्तनाचा विषयच बसण्याचा आहे.

प्रश्न साधा. मोकळी जागा कुणाची? ज्याने तिकीट काढलं आणि आलाच नाही, त्याची? जो आलाय आणि उभा आहे, त्याची? की ज्याने आधी रुमाल टाकला, त्याची?

हसू नका. तुमच्यातल्या निम्म्यांनी एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकलेत. काहींनी टोपी. एका गृहस्थांनी तर जागा धरायला पोरगंच आत टाकलं होतं – पोराला जागा मिळाली, बाप स्टँडवरच राहिला.

तर मिरज डेपोचे रंगनाथ टोणपे. कंडक्टर, आता रिटायर. सीटवर रुमाल दिसला की हा माणूस तो दोन बोटांत धरायचा, मेलेल्या उंदरासारखा, आणि विचारायचा, "ह्या रुमालाचं तिकीट काढलंय का?" मग रुमाल खिडकीबाहेर.

हे टोणपे गेले अमेरिकेला, मुलाकडे. बरोबर पत्नी मालनबाई. मुलगा-सून दिवसभर कामावर. घरात ही दोघं आणि टीव्ही. टीव्हीवर बेसबॉल.

काय, पेटीवाले? बेसबॉल म्हणजे काय? अहो, क्रिकेटचा चुलतभाऊ. बॅट लाटण्यासारखी गोल. चेंडूला लागली की तिथेच टाकायची आणि पळायचं. घरून फोन आला की तुम्ही पेटी टाकून पळता, तसं.

तर त्यात चेंडू टाकणारा एकजण मालनबाईंना आवडला. मिगेल नाव. का आवडला? प्रत्येक चेंडूआधी तो वाकायचा, मातीला हात लावायचा, तो हात कपाळाला. मालनबाई म्हणाल्या, "ह्याच्या आईनं वळण लावलंय ह्याला." झालं. त्या दिवसापासून मिगेल हरला की त्या घरात आमटी अळणी.

परत निघायचे दिवस आले. मालनबाई म्हणाल्या, "मला तो एकदा समोर बघायचाय." आता मालनबाईंच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा काढायचा. परत अमेरिकेला येणं काही होणार नव्हतं. मुलगा म्हणाला, "आई, पुढच्या रांगेची तिकिटं काढतो."

टोणपे म्हणाले, "तिकीट मी काढणार. माझ्या पेन्शनीतनं."

बाणेदार माणूस. पण रुपयांचे डॉलर केले तशी पेन्शन लाजून पदराआड गेली. मिळाली सगळ्यात स्वस्त, सगळ्यात वरची रांग. गाडी लावायचेही पैसे पडतात म्हणून बसने गेले, उरलेलं चालले. आतलं खाणं महाग, तेव्हा थालीपीठ घरचं – पण आरपार दिसेल अशा पिशवीत, तिथला नियमच तसा. फाटकावरच्या पहारेकऱ्याने विचारलं, ह्यात काय काय आहे? मालनबाई सांगायला लागल्या. धने-जिऱ्यापर्यंत आल्या तेव्हा मागची रांग रस्त्यावर गेली होती. त्याने हात जोडले, जा म्हणाला.

चढले, चढले. शेवटची रांग. तिच्यावर फक्त आपला देव.

"अहो, मिगेल कुठाय?"

"तो काय मधोमध."

"तो पांढरा ठिपका?"

"तो त्याचा टी-शर्ट असेल."

"असेल म्हणजे?"

"मलाही एवढंच दिसतंय गं."

मालनबाईंनी डोळे बारीक केले. मोठे केले. मग मांडीवर हात ठेवून म्हणाल्या, "असू दे. आवाज तर येतोय."

मंडळी, भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडणाला उत्तर देता येतं. 'असू दे'ला काय देणार?

टोणप्यांनी खाली पाहिलं. अगदी पुढच्या रांगेत दोन खुर्च्या रिकाम्या. अर्धा सामना झाला, तरी रिकाम्याच. टोणपे उठले. जिने उतरले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. खिशात हात घातला आणि – जन्मभर दुसऱ्यांचे रुमाल भिरकावणाऱ्या माणसाने रुमाल टाकला. सराव नव्हता, तरी बरोबर सीटवर.

मागून आवाज आला. "सर, तिकीट?"

लोकांना जागा दाखवणारा तिथला म्हातारा. डोक्यावर टोपी, खांद्यावर खुर्च्या पुसायचं फडकं. त्याने तो रुमाल उचलला. कसा उचलला? दोन बोटांत.

टोणप्यांनी वाद घातला नाही. "यू आर राइट," म्हणाले. "आय ऑल्सो कंडक्टर." मग वर बोट दाखवलं, शेवटच्या रांगेतल्या हिरव्या साडीकडे. "माय वाईफ." आणि एका डोळ्यावर हात ठेवला.

म्हाताऱ्याने वर पाहिलं. तो बोलला इंग्रजीत, मी सांगतो मराठीत: "ही खुर्ची मला देता येणार नाही. तिचे पैसे दुसऱ्याने भरलेत."

टोणप्यांना त्याचा अभिमानच वाटला. रुमाल घेऊन वळले.

"थांबा." म्हाताऱ्याने कठड्याजवळचं घडीचं स्टूल उघडलं. "हे माझं आहे. ह्याला तिकीट नाही. त्यांना बोलवा."

मालनबाई खाली आल्या, बसल्या. समोर मिगेल. वाकला, मातीला हात लावला, कपाळाला लावला. मालनबाई बघतच राहिल्या. "टीव्हीत केवढासा दिसतो," म्हणाल्या, "चांगला दांडगा आहे की." पुढचाच चेंडू समोरच्याने पार बाहेर टोलवला. सगळं मैदान हळहळलं. मालनबाई मोठ्याने म्हणाल्या, "जाऊ दे रे, पुढचा नीट टाक."

काय म्हणाल्या, म्हाताऱ्याने विचारलं. टोणपे म्हणाले, "शी इज हिज मदर." एवढंच इंग्रजी जमलं.

मग मैदानावरची नजर न काढता मालनबाई म्हणाल्या, "अहो, तुमचीही एक सीट होती. दाराजवळची."

"होती की."

"लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले ते तुमच्याच गाडीतनं. गर्दी होती. तासगावपर्यंत उभी होते मी. तुम्ही बसून तिकिटं जुळवत होतात."

"अगं, तेव्हा नियम –"

"नियम लोकांच्या सीटला होता. तुमच्या सीटला काय होतं?"

टोणपे सामना संपेपर्यंत उभे राहिले. शेजारी तो म्हातारा, तोही उभा. थालीपीठ तिघांनी खाल्लं.

तर मोकळी जागा कुणाची? ज्याची त्याची. तिथे रुमाल टाकू नका. दुसऱ्याच्या खुर्चीवर उदार व्हायला आपल्याला काही लागत नाही. मंडळी, रिकाम्या जागेचा हिशेब देव विचारणार नाही. भरलेल्या जागेचा विचारेल – जी आत्ता तुमच्या खाली आहे, तिचा.

हे समोर दोन सोफे रिकामे आहेत. विश्वस्तांचे. त्यांना मी हात लावत नाही, तो अधिकार माझा नाही. पण मागे खांबाला टेकून त्या आजी मघापासून उभ्या आहेत. आजी, इकडे या. ही खुर्ची मला दिलीय, मध्ये टेकायला. ही माझी. तुम्ही बसा हिच्यावर.

अहो, वाट द्या त्यांना. हां. बसल्या.

मागे आणखी कोण कोण उभं आहे, ते मी सांगणार नाही. तुम्हाला मान वळवता येते. आता गजर घ्यायचाय, पण मी थांबतो जरा.

उठा, उठा. टाळी उभ्यानंही वाजते.