पाच वावरांची एक तार

नाय म्हणजे नाय, मिस्त्री. ते तारेचं बंडल ठेवा खाली. माझ्या वावराभोवती माझं बॅटरीवरचं झटका मशीन हाय — डुक्कर शिवलं की कोलांटी खातंय, बस झालं. व्हय, पाच जणांनी मिळून एकच तार ओढायचं चाललंय, ठाऊक हाय मला — माझ्याच नातीनं, दीपमालानं, घातलंय हे खूळ. ती संभाजीनगरला विद्यापीठात शिकती — कशावर? युरोपातल्या फौजांवर! म्हणती, आप्पा, तिथं सत्तावीस देश एकत्र आले, बाजार एक केला, पण फौजा ज्याच्या त्याच्या. शेजारी लढाई पेटली तवा जागे झाले — आता दारूगोळा मिळून घ्यायची भाषा. अन् फौजफाट्याच्या मोठ्या ठरावाला एक जरी नाय म्हणला, की ठराव अडला. मी म्हणलं, मग तो एक म्हंजी मीच की! लई हसली.

तसं पोरगी खोटं नाय बोलत. माझी तार झटका देती, तर डुक्कर जातं कुठं? शेजारच्या पुंडलिकच्या मक्यात. त्याची तार झटका देती, तर माझ्या भुईमुगात. मग सांजच्याला बांधावर आम्ही समोरासमोर — तो म्हणतो, आप्पासाहेब, तुमची डुकरं आवरा. मी म्हणतो, माझी कशी, रेशनकार्डावर नाव हाय का त्यांचं? तासतासभर चालतं. तंबाखू मळता मळता तो शिव्या देतो, अन् मळून झाली की अर्धी मलाच देतो. घरी कोण हाय बोलायला? पोरं शहरात, म्हातारी गेली तवापासून... आता एक तार झाली, डुकरंच नाय आली, तर तो बांधावर येईल कशाला? — असं काय बघताय? मी तारेचंच बोलतोय.

बरं, मशीनचं बटण कुणाच्या हातात? सरपंचाच्या भाच्याच्या? हॅट! दीपमाला म्हणती, तिथंबी इथंच अडतंय — फौज एक केली तर हुकूम कुणाचा? मग ऐका. मशीनची पेटी बसवा माझ्या अन् पुंडलिकच्या बांधावर. कुलपं दोन — एक किल्ली माझी, एक त्याची. रोज दोघं आल्याबिगर चालू व्हायची नाय. एक जण आजारी पडला तर? तर दुसरा जाईल त्याच्या घरी, चहा पिऊन किल्ली आणंल. पाचातला अडलेला एक आता व्हय म्हणतोय, आणखी काय पायजे तुम्हाला?

रोवा खांब. अन् तो बघा, आलाच मक्यातून बोंबलत. सरका मिस्त्री, मधी उभं राहू नका — जा तिकडं, आमचं भांडण हाय.