शालीची टाचणी

— मलूल? छे हो, मलूल कसली! कारभाऱ्यांकडे मोजून द्यायची धार काढली की ही गाय अशीच मान टाकून उभी राहते, पहिल्यापासून. न्यायला आलात ना, मग खूर बघा, कास बघा. कॉर्क बंदरापर्यंत चालत जाईल आणि ऐटीत चढेल इंग्लंडच्या बोटीत. मानेला कशाला हात लावताय? गोचीड असेल. माझं काय, हात असा शालीवर धरूनच बोलते मी— वारा किती सुटलाय बघा ना.

ऐकलंय मी सगळं. खालच्या वाडीतले लोक जमीनदारांच्या गाईंचं रक्त काढून नेतात म्हणे, पाल्यात शिजवून खायला. बटाटा दोन वर्षं जमिनीतच सडला, करतील काय बिचारे? पण या गोठ्यात नाही हं! गाईला काही झालं की राखणदाराचं घर मोडतात, मला काय ठाऊक नाही? माझा नवरा कॉर्मक काठी घेऊन बसतो दाराशी— बसायचा. फेब्रुवारीत तापानं गेला. आता मी बसते. आणि त्या लोकांना जमतंय कुठं? नेमकी शीर सापडायला हवी, आणि एकच पेला काढायचा, घरात कितीही भूक असो, नाहीतर जनावर खाली बसतं. मग जखमेत टाचणी आडवी खोचायची, शेपटीचे केस गुंडाळून आवळायचे— असं म्हणतात. मला काय माहीत.

खोकतेय ती पेग, माझी मुलगी. सहा वर्षांची आहे. वास? सलगमाचा पाला शिजतोय, दुसरं काय असणार! काल पेग दारापर्यंत चालत आली हो, पंधरा दिवसांनी! म्हणाली, आई, ती काळी वडी अजून आहे का— पाल्याचीच वडी. करपली की काळी होते.

अहो, तिथले केस नका बाजूला करू. ऐका ना, भाऊ, नका—

उपसू नका! भळभळेल! आधी अंगठा दाबा, जोरात... हां. तसाच धरा.

माझ्या आईची आहे ती शालीची टाचणी. पितळेची. गावात कुणालाही विचारा, खोटं कशाला बोलू आता? बरंच झालं, शाल धरून धरून हात भरून आला होता. जा, सांगा कारभाऱ्यांना. उद्या येऊन छप्पर उतरवतील, उतरवू देत. पण टाचणी द्या इकडं. बघताय काय असे? द्या म्हणते ना! ही चालली तुमच्याबरोबर. ती पलीकडची ठिपक्यांची गाय उद्यापर्यंत इथंच आहे, आणि पेग अजून जेवायचीय.

निघा तुम्ही.