पुरावा बदामात

...न्हाई, पन मला एक सांगा, उभ्या टरकनं जाऊन कुनाला धडक मारलेली तुमी कधी बघितलीय का? उभ्या! इंजन बंद, हातब्रेक वडलेला, मी स्टेरिंगवर कोपर टेकून बिडी शिलगावतोय, आन् समोरनं गोरक्षनाथ मास्तर लुनावर आले ते आले, सरळ माझ्या बंपरवर! झालं, लोक गोळा. चूक कुनाची? मोठ्या गाडीची! इचारनं न्हाई, पुसनं न्हाई... उद्या माझ्या टपावर आंबा पडला तरी म्हनतील, कानिफ, टरक आंब्याखाली का आनला?

तुमाला सांगतो, हुतं काय, तर आमच्या कोंडीरामदादांच्या सम्राटचं लगीन. वऱ्हाड नेवाशाहून आमच्या कोल्हारला, माझ्या टरकात. हौद्यात बायामान्सं, क्याबिनमधी माझ्या शेजारी शूटिंगवाला अझहर, खांद्यावर ही एवढी मशीन. कोल्हार जवळ आलं तसा म्हनतो, "मामा, थांबा हितं, समोरनं वाजंत्री येत्यात, तेवढं झकास घेतो." म्हनलं, बाजूला घेतो. "नगं नगं, बाजूला बाभळ आडवी येती, हितंच मधोमध ऱ्हाऊ द्या!" ऱ्हायलो. वाजंत्रीच्या आधी आले मास्तर!

चौकीत मास्तर हात गळ्यात बांधून उभे, आन् बोलनं कसं, फळ्यावर लिवल्यासारखं, "सदर ट्रक भरधाव आला व त्याने मला उडवले." व म्हनं! हवालदार माझ्याकडं बघून, "मास्तर खोटं बोलतील व्हय रं?" म्हनलं, साहेब, वऱ्हाडाला इचारा! "तुझ्या टरकात बसल्याली मान्सं, तुझ्याच बाजूनं बोलनार!" लायसन काढून घेतलं. म्हनला, कोर्टात गेलं की हे कायमचं गेलं समज, मोठ्या गाडीचीच चूक असती. आवं, मिसरूड फुटल्यापासनं टरक चालवतोय, दुसरं येतंय काय मला? घरी आमची पुष्पावती पदराला डोळं पुसायली. मी पेटलो! म्हनलं, रडू नगं, क्यासेट हाय!

अझहरकडनं क्यासेट घेतली. चौकीत टीव्ही न्हाई. लायसन न्हाई म्हनून टरक न्हाई, मग काय, टीव्ही बांधला सायकलवर, व्हिसीआर पुष्पावतीच्या डोक्यावर, मी ढकलतोय, ती मागनं टीव्ही धरतीय, मागं अझहर वायरी घेऊन, निघालो! रस्त्यानं लोक इचारत्यात, "कानिफ, पिक्चर कंचा?" म्हनलं, तुमच्या मास्तराचा!

हवालदारानं मास्तरांना बी बोलावून घेतलं. व्हिसीआरचं पुढं पळवायचं बटन मोडल्यालं. म्हंजी हळदीपासनं बघा! हवालदार खुर्ची पुढं वडून, "ही हिरव्या साडीतली कोन रं?" साहेब, नवऱ्याची आत्या. "जेवायला बुंदी का जिलबी?" आवं साहेब, माझं लायसन! "थांब रं, बुंदीच दिसतीय."

आला एकदाचा रस्ता. आले मास्तर. त्यांनी क्यामेरा बघितला, आन् तुमाला सांगतो, हांडल सोडून खिशातनं कंगवा काढला की वो! शपथ! एका हातानं लुना, एका हातानं भांग, आन् त्वांड हसरं! मी वरडलो, बघा साहेब, आता बघा...

आन् आला बदाम!

लालभडक, गरगर फिरत, कोपरे तेवढे सोडून टीव्हीभर. बदामात सम्राट आन् त्याची नवरी शुभांगी एकमेकाला पेढा भरवत्यात, मागनं सनई. बदाम गेला तवा मास्तर खाली, लुना त्यांच्या अंगावर. धडक? धडक बदामात! अझहरची गच्ची धरली. "मामा, मिक्सिंग हाय ते! लग्नाच्या क्यासेटमधी मास्तर आपटल्याला बरा दिसतो का?" मग पयली क्यासेट दे, बिगरबदामाची! "तिच्यावर दुसरं लगीन घेतलं."

हवालदार उठला. "बदामात काय झालं कुनाला ठावं? चूक मोठ्या गाडीची!" म्हनलं, साहेब, मी हलत न्हाई. परत लावा. परत बदाम. परत लावा. परत पेढा. शिपाई जांभया द्यायला लागलं. तवर पुष्पावती म्हनती, "आवं, त्यो कोपऱ्यातला दगड बघा की." बदामाच्या भाईर, खाली, मैलाचा दगड. बदामाच्या आधी तिथंच, बदाम असताना तिथंच, मागनं बी तिथंच! "मशीन टरकात, आन् दगड जागचा हलंना, म्हंजी टरक बी हलत न्हवता की!"

हवालदार मास्तरांकडं वळला. मास्तर म्हनले, "सदर... भांग जरा विस्कटला होता."

जिकलो! लायसन हातात आलं, कपाळाला लावलं. पुष्पावती पयल्यांदा हसली. दारापत्तुर गेलो तर हवालदार मागनं, "कानिफ, टरक उभा हुता म्हनतोस?" व्हय साहेब! "रस्त्यात?" व्हय साहेब. "मधोमध?" ...व्हय साहेब. "मग वाहतुकीला आडथळा. पावती फाडतो." आवं साहेब, पुरावा काय?

"पुरावा? सायकलवर बांधून कुनी आनला?"

पावती खिशात कोंबली. भाईर येऊन टीव्ही परत बांधायला लागलो. पुष्पावतीनं दोरी धरली, जराशानं म्हनली, "मग? चूक कुनाची?"

म्हनलं, गाठ आवळ. मोठ्या गाडीची.